जुना डिजिटल कॅमेरा आणि स्वस्त लेन्स: निवड, तपासणी आणि वापर

जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचा विषय निघाला की बहुतेक चर्चा बॉडीभोवती, म्हणजे लेन्स वगळून उरलेल्या कॅमेऱ्याभोवती, फिरते आणि लेन्सचा विचार मागाहून येतो. वास्तविक या दोन्हींचा विचार एकत्र करायला हवा. साधारण २००४ ते २०१२ या काळात आलेल्या बहुतेक डीएसएलआर (आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या) कॅमेऱ्यांचे सेन्सर आजच्या मानाने कमी पिक्सेलचे आहेत आणि नेमक्या याच कारणाने त्यांच्यावर साध्या, स्वस्त लेन्स आपली पुरेपूर गुणवत्ता दाखवतात. एपीएस-सी (फिल्मच्या चौकटीहून लहान) आकाराच्या ६ मेगापिक्सेल सेन्सरवर एका पिक्सेलची रुंदी सुमारे ७.८ मायक्रॉन असते. त्याच आकाराच्या २४ मेगापिक्सेल सेन्सरवर ती सुमारे ३.९ मायक्रॉनवर येते. पहिला सेन्सर दर मिलिमीटरला जास्तीत जास्त ६४ रेषाजोड्या वेगळ्या दाखवू शकतो, तर दुसरा १२८. पहिल्या सेन्सरची मागणी कॅमेऱ्यासोबत मिळणारी एखादी साधी किट लेन्सही अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र; एफ/चा आकडा मोठा तितके ते लहान) थोडे लहान केल्यावर चित्राच्या मध्यभागी बऱ्यापैकी भागवते. दुसऱ्या सेन्सरवर मात्र तिच्या कडांचा मऊपणा आणि रंगीत किनार पूर्ण आकारात पाहताना उघडी पडते.

यावरून जुना कॅमेरा अधिक तपशील टिपतो असा अर्थ काढू नये. एकूण तपशील कमीच असतो. मात्र जेवढा असतो तेवढा स्वच्छ असतो. तो कितपत पुरतो हे साध्या गणिताने ठरवता येते. निकॉन डी७० किंवा डी४० यांचे चित्र ३००८ × २००० पिक्सेलचे असते, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांच्या छपाईत सुमारे १० × ६.७ इंच. मूळ कॅनन ५डीचे ४३६८ × २९१२ पिक्सेलचे चित्र सुमारे १४.५ × ९.७ इंचांपर्यंत जाते. ४के पडद्याला ८.३ मेगापिक्सेल लागतात, म्हणजे १० मेगापिक्सेलचा कॅमेरा तो पडदा पूर्ण भरून वर थोडी कातरण्याची मोकळीकही ठेवतो. ज्यांना मंद प्रकाशातले वेगवान खेळ, रात्रीचे समारंभ किंवा व्हिडिओ चित्रित करायचे आहेत, त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. व्हिडिओची सोय असलेला पहिला डीएसएलआर म्हणजे २००८ चा निकॉन डी९०. त्यापूर्वीच्या कॅमेऱ्यांत ती मुळातच नाही.

पहिली पायरी: आधी माउंट, मग बॉडी

बॉडी आज ना उद्या बदलते, लेन्स मात्र वर्षानुवर्षे सोबत राहतात. म्हणून कोणत्या माउंटच्या (लेन्स जिथे बसते त्या जोडणीच्या) स्वस्त लेन्स आपल्याला सहज मिळतील हे आधी पाहावे. कॅननचे ईएफ माउंट १९८७ पासूनचे, निकॉनचे एफ माउंट १९५९ पासूनचे, पेंटॅक्सचे के माउंट १९७५ पासूनचे आणि मिनोल्टाचे ए माउंट, जे पुढे सोनीने चालवले, ते १९८५ पासूनचे आहे. या चारही माउंटच्या वापरलेल्या लेन्सचा साठा मोठा आहे, परंतु प्रत्येकाची एक खोच आहे आणि ती माहीत नसेल तर स्वस्त लेन्स महागात पडते.

निकॉनमध्ये ही खोच ऑटोफोकसच्या मोटरची आहे. डी४०, डी३०००, डी५००० यांसारख्या सुरुवातीच्या श्रेणीतील बॉडींत फोकसची मोटर नसते, त्यामुळे ५० मिमी एफ/१.८डी सारखी स्वस्त आणि उत्तम लेन्स त्यांच्यावर हातानेच फोकस करावी लागते. डी७०, डी८०, डी९०, डी२०० आणि डी३०० यांत ती मोटर आहे. मोटर नसलेली बॉडी घेतल्यास २००९ ची ३५ मिमी एफ/१.८जी डीएक्स ही लेन्स जवळपास अपरिहार्य ठरते. कॅननमध्ये लेन्सची मोटर लेन्समध्येच असल्याने हा प्रश्न येत नाही. मात्र एपीएस-सीसाठीच बनवलेल्या ईएफ-एस लेन्स ५डीसारख्या पूर्ण फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) बॉडीवर बसत नाहीत. पेंटॅक्स आणि सोनीच्या बहुतेक बॉडींत स्थिरीकरण सेन्सरलाच दिलेले असते, त्यामुळे पन्नास वर्षे जुनी लेन्स लावली तरी तिला हात हलण्यापासून थोडे संरक्षण मिळते. स्वस्त लेन्सच्या शौकिनासाठी ही सोय फार मोलाची आहे आणि तिची चर्चा पुरेशी होत नाही.

बॉडींची नावे घ्यायची झाल्यास, हलकी आणि सोपी म्हणून डी४०, मजबूत बांधणी, मोठा व्ह्यूफाइंडर आणि जुन्या लेन्सवरही मीटर (प्रकाशमापन) हवा असेल तर डी२००, कॅननमध्ये ४०डी, पेंटॅक्समध्ये धूळ-पाण्यापासून संरक्षण असलेला २००६ चा के१०डी किंवा साध्या एए बॅटरीवर चालणारा के१००डी. पूर्ण फ्रेमचा अनुभव हवा असणाऱ्यांसाठी २००५ चा ५डी आणि २००८ चा निकॉन डी७०० हे दोन स्वाभाविक पर्याय आहेत. डी७० आणि डी४० यांचा एक दुर्लक्षित गुण येथे नोंदवतो: त्यांचा सेन्सर शटरचे काही काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करतो, त्यामुळे फ्लॅश सेकंदाच्या १/५०० भागापर्यंत जुळतो. भर उन्हात चेहऱ्यावरची सावली भरून काढायला हे फार उपयोगी पडते आणि अनेक महागड्या आधुनिक बॉडी इथे मागे पडतात.

सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरच्या रंगांभोवती बरेच वलय निर्माण झाले आहे, म्हणून माझे मत स्पष्ट करतो. सीसीडी आणि आज प्रचलित असलेला सीमॉस यांतील फरक मुख्यतः विद्युतभार वाचण्याच्या पद्धतीचा आहे. रंग ठरतो तो पिक्सेलवरच्या रंगगाळण्या, व्हाइट बॅलन्स आणि कंपनीची जेपीईजी प्रक्रिया यांवरून. ऑलिम्पस ई-१ सारख्या २००३ च्या कॅमेऱ्याची जेपीईजी चित्रे आजही मोहक दिसतात हे खरे. पण केवळ सीसीडी या तीन अक्षरांसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरी पायरी: घेण्यापूर्वीची तपासणी

सोबत स्वतःचे कार्ड, एक छोटी विजेरी आणि शक्य असल्यास चार्ज केलेली बॅटरी न्यावी. पुढील क्रमाने पाहिल्यास काही निसटत नाही.

सर्वप्रथम माउंटची कडी, कार्डाची खाच आणि बॅटरीचा कप्पा पाहावा. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड वापरणाऱ्या कॅमेऱ्यांत खाचेच्या तळाशी बारीक पिनांच्या दोन रांगा असतात. विजेरी टाकून एकही पिन वाकलेली नाही याची खात्री करावी, कारण वाकलेल्या पिनेवर कार्ड रेटले की दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीपलीकडे जाऊ शकतो. त्यानंतर लेन्स काढून आरसा आणि फोकसिंग स्क्रीन पाहावी. मूळ ५डीच्या काही कॅमेऱ्यांत आरसा त्याच्या बैठकीतून सुटण्याची तक्रार परिचित आहे, म्हणून त्या मॉडेलचा आरसा नंतर पक्का केला गेला आहे का, हे विचारावे.

नंतर सेन्सर. अ‍ॅपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२ ठेवून, फोकस मुद्दाम चुकवून, आकाशाचे अथवा पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घ्यावे. पुसट करडे ठिपके म्हणजे धूळ, ती निघते. तीक्ष्ण कडेची रेघ म्हणजे ओरखडा. तो निघत नाही, अशी बॉडी सोडून द्यावी. लेन्सचे झाकण लावून १० ते ३० सेकंदांचे एक छायाचित्र घेतल्यास कायम उजळ राहणारे पिक्सेल दिसतात. दोन-चार असतील तर काळजी नको, कारण रॉ (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) प्रक्रिया करणारी बहुतेक सॉफ्टवेअर ते झाकून टाकतात.

शटरची मोजणी सर्वाधिक विचारली जाते. निकॉन आणि पेंटॅक्सच्या मूळ फाइलमध्येच हा आकडा नोंदलेला असतो आणि एक्झिफ (चित्रासोबत साठवलेली माहिती) वाचणारे कोणतेही चांगले सॉफ्टवेअर तो दाखवते. कॅननच्या जुन्या बॉडींसाठी बहुधा यूएसबीने जोडून वेगळे सॉफ्टवेअर चालवावे लागते. ४०डी आणि ५डीचे शटर १,००,००० वेळा, तर डी३०० आणि डी७०० चे १,५०,००० वेळा चालावे अशा बेताने बनवलेले आहे. हा आकडा हमी नव्हे आणि मुदतही नव्हे. कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या, कमी मोजणीच्या बॉडीपेक्षा नियमित वापरातली, मध्यम मोजणीची बॉडी मी पसंत करेन. १/४००० सेकंदापासून १ सेकंदापर्यंत वेगवेगळ्या शटर स्पीडवर छायाचित्रे घेऊन चित्राचा एखादा पट्टा काळसर येत नाही ना, हे पाहणे त्या आकड्याहून अधिक उपयोगाचे आहे.

लेन्स तपासताना दोन्ही झाकणे काढून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून, मागच्या बाजूने तिरका प्रकाश टाकावा. धुळीचे कण चित्रात उमटत नाहीत. त्यांवरून घासाघीस करावी, पण लेन्स नाकारू नये. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले दिसले तर ती बुरशी आहे, आणि ती काचेवरचे कोटिंग कायमचे खाऊ शकते. संपूर्ण काचेवर दुधी पडदा असेल तर प्रकाशाविरुद्ध घेतलेली चित्रे फिकट येतील. कडेला इंद्रधनुषी डाग दिसल्यास चिकटवलेल्या काचा सुटू लागल्या आहेत असे समजावे. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का, आणि पाती झटकन मिटतात का, हेही पाहावे. कॅनन माउंटच्या नव्वदच्या दशकातील काही सिग्मा लेन्स डिजिटल बॉडीवर पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला चालतात आणि एफ/८ ला त्रुटीचा संदेश देतात. म्हणून इतर कंपन्यांची लेन्स नेहमी अ‍ॅपर्चर लहान करून तपासावी.

तिसरी पायरी: बॅटरी आणि कार्ड

एकाच प्रकारची बॅटरी अनेक बॉडींत चालते ही या काळातल्या कॅमेऱ्यांची जमेची बाजू आहे. कॅननची बीपी-५११ए ही बॅटरी २०डीपासून ५०डीपर्यंत आणि मूळ ५डीतही चालते. निकॉनची ईएन-ईएल३ई डी८०, डी९०, डी२००, डी३०० आणि डी७०० यांत चालते. मूळ कंपनीची जुनी बॅटरी बहुधा थकलेली असते, त्यामुळे विश्वासार्ह पर्यायी बॅटऱ्या घेणेच शहाणपणाचे ठरते. तारीख वारंवार पुसली जात असेल तर आतला छोटा राखीव सेल संपलेला असतो. ५डी आणि ४०डीत तो सीआर२०१६ प्रकारचा असून सहज बदलता येतो, इतर काही कॅमेऱ्यांत तो आत पक्का बसवलेला असतो.

कार्डाच्या बाबतीत मोठे म्हणजे चांगले हा नियम येथे उलटतो. एसडीएचसी हे मानक २००६ मध्ये आले, त्यामुळे त्याआधीचे अनेक कॅमेरे २ जीबीहून मोठे एसडी कार्ड ओळखतच नाहीत. ६ मेगापिक्सेलच्या निकॉनची एक रॉ फाइल साधारण ५ ते ६ एमबीची असल्याने लहान कार्डही दिवसभर पुरते. कार्ड नेहमी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे आणि चित्रे संगणकावर घेण्यासाठी कार्ड रीडर वापरावा.

चौथी पायरी: लेन्स जमवणे

तीन लेन्सच्या पलीकडे सुरुवातीला जाऊ नये. पहिली, स्थिरीकरण असलेली किट लेन्स. २००७ नंतरच्या १८-५५ मिमी लेन्स, मग त्या कॅननच्या आयएस असोत वा निकॉनच्या व्हीआर, लोकांच्या तुच्छतेला मुळीच पात्र नाहीत. एफ/८ वर त्या जुन्या सेन्सरला हवे ते सर्व देतात. दुसरी, एफ/१.८ ची प्राइम (झूम नसलेली) लेन्स. एपीएस-सी सेन्सरवर ५० मिमीचा दृश्यकोन पूर्ण फ्रेमवरच्या ७५ ते ८० मिमीसारखा होतो, म्हणजे व्यक्तिचित्रासाठी उत्तम, घरातल्या वापरासाठी अडचणीचा. रोजच्या वापराला ३५ मिमीच्या आसपासची अधिक सोयीची. कॅननमध्ये २४ मिमी एफ/२.८ आणि ४० मिमी एफ/२.८ या चपट्या एसटीएम लेन्स, तर पेंटॅक्समध्ये ३५ मिमी एफ/२.४ ही नावे लक्षात ठेवावीत. तिसरी, हलकी टेलिझूम: कॅननची ५५-२५० किंवा निकॉनची ५५-२०० व्हीआर. सोनी वापरणाऱ्यांना मिनोल्टाची ७०-२१० मिमी एफ/४ ही धातूची, वजनदार पण सुरेख लेन्स अजूनही भुरळ घालते.

हाताने फोकस करायच्या जुन्या फिल्मच्या लेन्स हा खरा मौजेचा प्रांत आहे आणि तेथे एकच मोजमाप सर्व ठरवते: माउंटच्या कडीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर. कॅनन ईएफचे हे अंतर ४४ मिमी, एम४२ या स्क्रू माउंटचे आणि पेंटॅक्स केचे ४५.४६ मिमी, तर निकॉनचे ४६.५ मिमी आहे. त्यामुळे एम४२ आणि निकॉनच्या लेन्स साध्या कडीच्या अ‍ॅडॅप्टरने कॅननवर बसतात आणि अनंतापर्यंत, म्हणजे अगदी दूरच्या वस्तूंवर, फोकसही होतात. निकॉन बॉडीवर एम४२ लेन्स लावायची तर अनंतासाठी अ‍ॅडॅप्टरमध्ये काच लागते आणि ती काच चित्र बिघडवते. तो नाद सोडावा. कॅननच्या जुन्या एफडी (४२ मिमी) आणि मिनोल्टाच्या एमडी (४३.५ मिमी) लेन्स डीएसएलआरवर अनंताला पोहोचत नाहीत, पण १८ मिमी अंतराच्या सोनी ई किंवा १९.२५ मिमीच्या मायक्रो फोर थर्ड्स बॉडीवर आरामात चालतात. २०१० नंतरचे सोनीचे नेक्स कॅमेरे, फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या पीकिंगच्या सोयीमुळे, अशा लेन्ससाठी फार सोयीचे आहेत.

सोव्हिएत बनावटीची हेलिऑस ४४-२ ही ५८ मिमी एफ/२ लेन्स पार्श्वभूमीच्या भोवऱ्यासारख्या धूसरतेसाठी प्रसिद्ध आहे. तिचे अ‍ॅपर्चर थेट हाताने मिटते, म्हणून ती कोणत्याही अ‍ॅडॅप्टरवर चालते. इतर अनेक एम४२ लेन्समध्ये मागची पिन दाबली गेल्याशिवाय अ‍ॅपर्चर मिटत नाही. लेन्सवर ऑटो-मॅन्युअल कळ नसेल तर पिन दाबणारी कडा असलेला अ‍ॅडॅप्टर घ्यावा. ५डीवर मात्र काही लेन्सचा मागचा भाग आरशाला अडतो, तेव्हा पहिले छायाचित्र घेण्याआधी ती विशिष्ट लेन्स चालते का हे शोधून पाहावे. पेंटॅक्सच्या जुन्या टाकुमार नावाच्या काही लेन्सच्या काचेत थोरियम असल्याने ती कालांतराने पिवळसर होते. अतिनील एलईडी दिव्याखाली काही दिवस ठेवल्यास पिवळेपणा बराच उतरतो. हे काम कडक उन्हात करू नये, कारण उघडी लेन्स ऊन एकवटून आग लावू शकते.

मीटरची वागणूकही बॉडीनुसार बदलते. कॅननवर अ‍ॅडॅप्टर लावून अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोड (शटर स्पीड कॅमेरा ठरवतो तो) सरळ चालतो. पेंटॅक्समध्ये मेनूतून अ‍ॅपर्चर रिंगचा वापर मान्य करावा लागतो आणि मॅन्युअल मोडमध्ये हिरवे बटण दाबले की शटर स्पीड ठरतो. डी४० वर हाताने फोकस करायच्या निकॉन लेन्स बसतात पण मीटर बंद राहतो. एक चित्र घ्यावे, हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) पाहावा आणि शटर सुधारावा. प्रकाश स्थिर असेल तर ही पद्धत वाटते तितकी त्रासदायक नाही.

पाचवी पायरी: छायाचित्र घेताना

कॅमेरा हाती आल्यावर मेनूतून सर्व जुळवणी मूळ स्थितीत आणावी, रॉ निवडावे आणि केवळ मधला फोकस बिंदू चालू ठेवावा, कारण या पिढीत तोच सर्वांत संवेदनशील असतो. मागचा पडदा विश्वासार्ह नाही: डी७० चा पडदा १.८ इंचांचा आणि १,३०,००० ठिपक्यांचा आहे, त्यावर फोकस जोखता येत नाही आणि रंगही फसवे दिसतात. हिस्टोग्राम आणि जळालेल्या भागांची लुकलुकती सूचना या दोनच गोष्टींवर भिस्त ठेवावी.

जुन्या सेन्सरची सहनशक्ती दोन्ही बाजूंनी कमी असते. उजळ भाग एकदा पांढरा झाला की परत येत नाही, आणि सावल्या फार उचलल्या तर कणकण व पट्टे दिसू लागतात. त्यामुळे उजळ भाग जेमतेम वाचेल इतके एक्स्पोजर द्यावे, त्याहून कमी देऊ नये; आजच्या सेन्सरवर सरसकट एक-दोन स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा प्रकाश) कमी देऊन नंतर उजळण्याची जी सवय लागते ती इथे अंगाशी येते. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) शक्यतो किमान पातळीवर ठेवावा (डी२०० मध्ये १००, डी७० व डी४० मध्ये २००). सीसीडीच्या १० मेगापिक्सेल बॉडी ८०० पर्यंत कामचलाऊ असतात, ५डी आणि डी७०० मात्र १६०० ला निर्धास्त वापरता येतात.

स्वस्त प्राइम लेन्स एफ/१.८ वर मऊ दिसली तर एफ/२.८ वर एक चित्र घेऊन तुलना करावी. फरक ठळक असतो. मोठ्या पिक्सेलमुळे एफ/११ पर्यंत विवर्तनाचा (लहान छिद्रातून प्रकाश पसरल्याने येणारा) मऊपणा जाणवत नाही, म्हणून निसर्गचित्रणात संकोच नको. फोकस सातत्याने पुढे किंवा मागे पडत असेल तर तिरक्या ठेवलेल्या मोजपट्टीवर तपासावे. डी३००, डी७०० आणि कॅनन ५०डी यांत लेन्सनुसार सूक्ष्म दुरुस्तीची सोय आहे, डी७० किंवा ४०डीत वापरकर्त्याला ती मिळत नाही.

सहावी पायरी: संस्करण आणि निगा

या कॅमेऱ्यांच्या रॉ फाइल डार्कटेबल, रॉथेरपी, लाइटरूम अशी आजची सॉफ्टवेअर सहज उघडतात, आणि येथेच जुन्या सेन्सरचा खरा लाभ होतो: २००६ मध्ये टाकाऊ ठरलेले आयएसओ ८०० चे चित्र आजच्या कणनियंत्रणाने छापण्याजोगे होते. लेन्सची रंगीत किनार आणि कडांचा अंधार एका क्लिकमध्ये काढता येतो. तीक्ष्णता मात्र हात राखून वाढवावी; कमी पिक्सेलच्या चित्रात अतिरेक लगेच दिसतो.

सेन्सरवरच्या धुळीसाठी बॅटरी पूर्ण चार्ज करून मेनूतील सेन्सर सफाईचा पर्याय निवडावा, कॅमेरा तोंड खाली करून धरावा आणि हाताने दाबायच्या रबरी ब्लोअरने हवा मारावी. दाबाखालच्या हवेचा डबा वापरू नये, त्यातील द्रव सेन्सरवर उडतो. ब्लोअरने न निघणारे डाग सेन्सरच्या मापाच्या स्वॅबने काढता येतात. त्याचा आत्मविश्वास नसेल तर ते काम जाणकारावर सोपवावे. दमट हवेत लेन्स कातडी पिशवीत कधीही ठेवू नयेत. झाकण घट्ट बसणारा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मापक एवढे पुरते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे आणि दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करून पुन्हा ठेवावेत. बुरशी असलेली लेन्स, ती कितीही स्वस्त मिळालेली असो, साफ होईपर्यंत त्या डब्यापासून दूर ठेवावी.